मादी : अज्ञात

पाळंदेबाईंच्या यादीत
अठ्ठेचाळिसावा हा.
मुलांसाठीचा पक्षीकोश. पानावर दोन चौकटी,
डावीकडे नर, उजवीकडे मादी,
मानधन चौकटीमागे चारशे,
तेही पुस्तक बाजारात आल्यावर.

माहिती एवढीच :
दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी, बोलिव्हियातून,
कापूस भरलेली दोन कातडी युरोपात पोचली.
दोन्ही नरांची.
कुठला डोंगर, कुठलं फूल, चिठ्ठीवर नाही.
देशाचं नाव आहे फक्त,
जसं पाकिटावर नुसतं 'पुणे' लिहावं
आणि पोस्टमनने फिरत बसावं.
त्यानंतर खात्रीने कुणाला दिसला नाही.
संपला असेल. नसेलही.
जाड पुस्तकात त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह आहे.
तिच्यापुढे तेही नाही.

मराठी नाव मलाच द्यायचं होतं.
अंगावर तांबं, म्हणून 'तांबट' म्हणावं
तर ते आधीच गेलेलं
उंबरावर दुपारभर टुक-टुक करणाऱ्याला
आणि कसब्यातल्या एका आळीला.
तेव्हा गेले आळीत.
नाहीतरी ट्यूबमधून तांब्याचा रंग निघत नव्हता,
निघत होता तो विटेचा.

करडे खरवईवर घंगाळ पालथं घालून मठारत होते.
"कुठलं तांबं पाहिजे?
भट्टीतलं गुलाबी, चिंचेनं घासलेलं,
की पाणी भरून भरून काळवंडलेलं?"
मी मोबाइलवर फोटो दाखवला.
पायाला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी,
डोळ्यांच्या जागी कापूस.
चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी बराच वेळ पाहिलं.
"हा मठारलेला आहे," म्हणाले,
"ठोक्याला ठोका चिकटून.
म्हणून उजेड एका जागी थांबत नाही."
वजन विचारलं.
असेल दोन-तीन ग्रॅम.
"तेवढा तर कीस झडतो आमचा."
मग हातोडी उचलता उचलता :
"आणि याची बायको?"
कुणी पाहिली नाही.
"पाहिली असेल हो. लिहिली नसेल."
लगेच ठोके सुरू झाले.
पुढचं काही बोलले असतील तर ऐकू आलं नाही.

नर जमला. चार दिवस लागले.
शेपटीचे काटे दोनदा काढले,
गळ्याचा हिरवा जरा जास्तच झाला, असू दे.

उजवी चौकट कोरीच.
खालच्या मजल्यावरून खळदकर ओरडले,
"अहो, तुमचा हमिंगबर्ड आलाय जास्वंदीवर!"
दरवर्षी ओरडतात.
दरवर्षी तो शिंजीरच असतो.
या वेळी तर त्याची मादी होती,
पोटाशी मळकट पिवळी,
केबलच्या वायरीला कोळिष्टकांनी घरटं शिवणारी.
वाटलं, हिचाच रंग उसना घ्यावा.
तपासणार कोण?
बोलिव्हियातून कुणी सदाशिव पेठेत
तक्रार घेऊन येणार नाही.

काढलीही. चांगली उतरली,
डोळा तर अगदी जिवंत.
रात्री ब्लेडने खरवडून टाकली.
कागदाला त्या जागी लव सुटली थोडी.

मग त्या चौकटीत एक काटकी काढली,
नुसती काटकी,
टोकाशी खाली झुकलेली,
दोन-तीन ग्रॅमने झुकावी इतकीच.

पाळंदेबाईंचा फोन :
"अहो, अठ्ठेचाळीसमध्ये मादी राहिली."
राहिली असेल तर बरंच आहे, म्हटलं.
त्यांना विनोद आवडत नाहीत.
पाठीमागे छापखान्याची घरघर.
"आणि फांदी वाकडी आलीय तुमची,
इथला मुलगा कॉम्प्युटरवर नीट करून देतो म्हणतोय."

त्याला म्हणावं, बाकी काहीही कर.
तेवढी सरळ करू नकोस.