दोन न्यूट्रॉनचं ओझं

कणकुंबीच्या पुढं, रस्ता चोर्ल्याकडं वळतो तिथं
मष्णू गावडा गुडघाभर पाण्यात उतरला,
बाटली उपडी धरून आत नेली, मग हळूच सुलटी केली,
मी दाखवलं होतं तसंच.
पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं.
"काय करूलालीस गा याचं?
हे कोर्टातलं पाणी न्हवं?"
मी म्हटलं, "दोन लिटरला कोण विचारतंय."
तो हसला. ओल्या बोटानं
त्यानं बाटलीवर रेघ मारली, इथपर्यंत आहे अशी.

याच डोंगरातून एक नदी पूर्वेला जाते,
एक पश्चिमेला.
तांबडी माती दोघींनाही सारखीच देते.
पूर्वेची धरणात अडते, उसात शिरते,
तिला समुद्र लांब आहे.
माझं काम दुसरीशी.

समुद्र मी कॅनमधून आणला,
पणजीहून, रुद्राप्पाच्या टेम्पोत, भाजीच्या क्रेटशेजारी.
घाटात तो सारखा डुचमळत होता.

बाबा तेहेतीस वर्षं उद्यमबागेत मोल्डर.
रात्री नाक शिंकरलं की रुमाल काळा.
ओतीव पडलं की नुसत्या आवाजावरून सांगायचे,
आत पोकळी आहे, परत वितळवा.
त्यांना मी सांगितलं, लोखंड एक नसतं.
चोपन्न असतं, छप्पन्न असतं,
नाव तेच, गुण तेच,
पोटात दोन न्यूट्रॉन जास्त, एवढंच.
"म्हंजे भेसळ?"
"नाही. जन्मापासूनच तसं."
ते बराच वेळ गप्प.
मग म्हणाले, "मोजतीस कशावर?"

म्हणून सरबताच्या ग्लासात
मी त्यांच्यासमोरच कालवलं,
नऊ भाग नदी, एक भाग मीठपाणी.
डोंगरातल्या कुजक्या पानांनी
लोखंडाला इतके मैल धरून आणलेलं असतं,
कण एकमेकांना लांब ठेवत असतात.
मीठ आलं की ते लांब ठेवणं संपतं.
काही वेळ काहीच झालं नाही.
आई म्हणाली, "जेवून घ्या."

भात संपेपर्यंत ग्लासात
तपकिरी फुलोरे उतरू लागले होते,
रव्यासारखे, घाई नसलेले.
बाबांनी ताट बाजूला सारलं,
ग्लास डोळ्यांच्या रेषेत धरला, दिव्यासमोर,
आणि मोल्डरच्या आवाजात म्हणाले,
"बसलं."

सकाळी तळाला एक बोट गाळ,
वर निवळ पाणी.
नदीतलं बहुतेक लोखंड खाडीच्या तोंडाशीच राहतं,
उरलेलं चिमूटभर आत जातं.
माझा सगळा प्रश्न त्या चिमटीचा.
कोण बसलं, हलकं की जड?
पुढं कोण गेलं?

नमुने बेंगळुरूला गेले. सात आठवडे.
तोवर निवळ पाण्याची एक बाटली
आमच्या फ्रिजमध्ये, दह्याशेजारी.
आईनं तिच्यावर चिठ्ठी लावली, कानडीत आणि मराठीत,
दोन्हीकडे एकच: पिऊ नये.

आकडे आले.
गाळ आणि उरलेलं, यांत फरक
दशांश चिन्हानंतरच्या दुसऱ्या घरात,
आणि यंत्राची चूकही तेवढीच.
म्हणजे आहे असं म्हणता येत नाही,
नाही असंही.
वहीत मी लिहिलं, पुन्हा, जास्त नमुने,
जास्त खारटपणाचे टप्पे.

बाबांनी विचारलं, "काय निघालं?"
मी सांगितलं.
वाईट वाटेल त्यांना, असं वाटलं होतं.
ते म्हणाले, "पोकळी नाही ना आत?"
"कळत नाही अजून."
"मग परत वितळवायला लागतंय,"
आणि चप्पल शोधू लागले.
पुढच्या खेपेला कॅन उचलायला
त्यांना यायचं होतं.