शून्य पॉइंट तीन

हवल्लीच्या तळघरातल्या दुकानात
अबू नज्वाननं आधी विचारलं, केकसाठी?
मग, नखांसाठी?
मी म्हटलं, गाडीसाठी.
तो मान उंचावून जिन्याकडे बघायला लागला,
कुठे लावली आहे म्हणून.

मी दोन तळहात जोडून दाखवले: एवढी आहे.
चोविसाव्या हिश्श्याची. जीएमसी सबर्बन.
तेव्हा कुठे त्यानं चष्मा लावला
आणि काचेखालून तीन एअरब्रश काढून
मखमलीवर मांडले, सोनारानं पाटल्या मांडाव्यात तसे.

पहिला एकेरी. खटका दाबला की रंग, सोडला की बंद.
सरळ स्वभाव. साडेसात दिनार.
दुसऱ्याची बाटली खाली लटकते,
पोटभर रंग पितो, दारं-बॉनेट एका दमात उरकतो.
तिसरा दुहेरी.
दाबाल तितकी हवा, मागे ओढाल तितका रंग,
दोन्ही हिशेब एकाच बोटावर.
वाटी वर, चिमणीला पाणी ठेवावं एवढीशी.
सुई शून्य पॉइंट दोन की तीन, ते तुम्ही ठरवा.
दोनची लवकर तुंबते, तो म्हणाला,
आपल्याकडे हवेतच काय काय असतं.

बावीस दिनार.
दिनारांचे रुपये मनात करायचे नाहीत
हा आमचा लग्नाच्या पहिल्या वर्षीचा नियम.
मी तो जिन्यावरच मोडला.

कंप्रेसर लावते श्रीरंग रिफायनरीत नाइटला गेल्यावर.
शेजारच्या मिसरी बाईंची समजूत आहे
की मी रात्री दळण दळते.

पांढरा रंग काय, साध्या स्प्रेच्या डब्यानंही दिला असता.
मला हवी होती धूळ.
सालमियात सगळे जी पुसून टाकतात ती,
तूझ येऊन गेल्यावर सकाळी
गाड्यांवर कणकेसारखी बसलेली.
तीनदा दिली, तीनदा थिनरनं काढली.
सगळीकडे सारखी, पिठीसाखर भुरभुरल्यागत.
अबू नज्वानचा केकच झाला शेवटी.

मग एका पहाटे चार वाजता
खोक्यात घालून गाडी खाली पार्किंगमध्ये नेली.
मोतालेब तिथेच असतो,
एक बादली, दोन फडकी, एकोणीस गाड्या.
अकरा वर्षं आमच्या इमारतीची धूळ त्याच्या हाताखालून जाते.
हात पँटला पुसून त्यानं गाडी घेतली,
मोबाइलच्या उजेडात फिरवली.
ऐसे नहीं बैठती, म्हणाला.

वायपरच्या दोन कमानी सोडा.
हँडलभोवती चार बोटांची जागा, तिथे कधी टिकत नाही.
मागच्या दारावर दाट द्या,
गाडी आपली धूळ आपल्याच पाठीवर ओढून घेते.
आरशाखाली एक ओघळ. रात्रीचं दव तिथून उतरतं.

आणि टप?
टप तो जरा वेळ बघत राहिला.
मधोमध राहू द्या, म्हणाला.
मेरा हाथ नहीं पहुँचता.

वर येऊन त्याचा हात चोविसानं भागला:
अडीच सेंटिमीटर.
दोन्ही कडांपासून तेवढं अंतर टेपनं झाकलं,
वाटीत चार थेंब रंग, बाकी सगळं थिनर,
आणि खटका मागे ओढला,
केसभर.