फ्यूच्या आधी

ग्रिम्सबीच्या गोदीमागे, चर्चच्या तळघरात
मंगळवारी साडेसहाला हीटर खोकतो
आणि मिसेस ब्रॅकनबरी फळ्यावर लिहितात:
फ्यू. अ फ्यू. लिटल. अ लिटल.
मग खडू ठेवून चष्म्यावरून बघतात,
जणू चार मासे मांडलेत,
ओळखा पाहू ताजा कुठला.

मोजता येतं ते फ्यू, त्या सांगतात,
मोजता येत नाही ते लिटल.
बटाटे फ्यू. मीठ लिटल.
आणि पैसा? दानूते विचारते.
पैसा लिटल.
पण मी तर मोजते, दर शुक्रवारी,
दोनदा.
तिच्या बोटांना हॅडकचा वास, साबणाला न जुमानणारा.
तू मोजतेस ते पौंड, बाई म्हणतात,
पैसा मोजता येत नाही.
मागच्या बाकावरून रिझगार:
हे जरा माझ्या घरमालकाला सांगाल?

हसू ओसरलं की फळ्यावर उरतो तो अ.
तिळाएवढा. बोलताना अर्धा गिळला जाणारा.
तो असला तर बाटलीत दूध आहे, चहापुरतं.
नसला तरी दूध तेवढंच,
फक्त आता तळ दिसतो.

मी या वर्गाचा चहा करते,
कप विसळता विसळता शिकते.
माझ्या भाषेत हे काम च करतो,
शब्दाच्या शेपटीला बसून:
थोडं आहे. थोडंच आहे.
एवढ्या एका च नं
पाहुणा उठून चपला शोधू लागतो.
आणि आमचा अ तर उलट्या काळजाचा,
पुढे लागला की शक्य ते अशक्य,
पुरं ते अपुरं.
इथे तोच अ उंबऱ्यात उभा राहून
आहे म्हणतो,
या म्हणतो,
भागेल म्हणतो.

वह्या तपासताना बाई किब्रोमपाशी अडल्या.
स्वतःबद्दल लिहायचं होतं, चार ओळी.
आय हॅव अ लिटल टाइम. बरोबर.
आय हॅव अ फ्यू शर्ट्स. बरोबर.
वन इज फॉर संडे. हेही बरोबर.
आणि खाली, शीतगृहात आखडलेल्या बोटांनी:
इन ग्रिम्सबी आय हॅव फ्यू फ्रेंड्स.

लाल पेन हवेतच थांबलं.
चुकला असेल तर एक अक्षर घालायचं.
चुकला नसेल तर
व्याकरणाची काहीच हरकत नाही,
ते दोन्हीकडे सही करायला तयार.
बाईंनी टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.
चहा निवला.
मी दुसरा ओतला नाही.

पुढच्या मंगळवारी त्या त्याच्या बाकाशी वाकल्या.
इथे अ राहिलाय,
की नकोच होता?

किब्रोमनं हात उघडला.
दानूते: पहाटेच्या बसमध्ये
पिशवी ठेवून जागा धरते.
केन: बर्फ फोडणारा म्हातारा,
त्याचं बोलणं याला कळत नाही, याचं त्याला,
पण दुपारी दोघांचा डबा एकाच पेटीवर उघडतो.
रिझगार: बुद्धिबळात फसवतो, तरी धरू.
मग अस्माराचा तो एक, शाळेपासूनचा,
जो हिवाळ्यापासून फोन उचलत नाही.
त्याला ग्रिम्सबीत मोजायचं का,
हे किब्रोमनं विचारलं नाही.
ते बोट मात्र
ना मिटलेलं, ना उघडं.

हीटर खोकला आणि बंद पडला.
दानूतेनं पायानं ढोसून तो पुन्हा चालू केला.
बाईंच्या हातात लाल पेन तसंच.

घाला, किब्रोम म्हणाला.
आणि त्यांनी टोपण काढल्यावर,
घाईघाईनं,
खिशातलं थोटूक पुढे करत:

पेन्सिलीनं.