फोल्डरचं नाव

लेइदा माझ्यासमोर नवा लॅपटॉप ठेवते,
त्यावर लोकरीचं आवरण, तिनंच विणलेलं,
म्हणते, तीयू, यात हिल्लारचं ते चालत नाही.

ते म्हणजे तिच्या नवऱ्यानं लिहिलेला प्रोग्राम,
शालींची नक्षी चौकोनात मांडणारा.
हाप्सालूची शाल अंगठीतून आरपार निघते.
प्रोग्राम पहिल्याच खिडकीत अडकलाय.

चार वाजलेत, अंधार पडलाय,
खाडीच्या बर्फावर कुणाची तरी स्लेज विसरून राहिलेली.

मी इन्स्टॉल म्हणते.
तो म्हणतो, आधी चित्रांची लायब्ररी आण, सहावी.
सहावी म्हणते, मला अक्षरांची लागते, जुनी.
अक्षरांची म्हणते, माझ्या बहिणीशिवाय मी येत नसते.
एकाला जेवायला बोलवावं
तर दारात अख्खं वऱ्हाड.

कुणाच्या या लायब्रऱ्या? लेइदा विचारते.

कुणा एकाच्या नाहीत.
तुमच्या गल्लीत राईच्या पावाचं आंबवण फिरतं ना,
वाटीभर या घरातून त्या घरात,
तसंच. पाव दहा घरांचे, आंबवण एक.

आणि ते बदललं तर?

इथे बदललंय. इथे आठवी आहे.
तुझे फोटो, तुझी बँक,
औलूहून नातीचा रविवारचा चेहरा,
सगळे आठवीवर जगतात.
ती काढून सहावी ठेवली
तर एकाचं घर बसेल, बाकीच्यांची उठतील.

आधी मी लबाडी केली, कबूल करते.
आठवीच्या गळ्यात सहावीच्या नावाची पाटी अडकवली.
प्रोग्राम फसला. उघडला.
लेइदा खुर्चीतून पुढे सरकली.
दरीतल्या लिलीची नक्षी आली, पण उलटी,
घंटा आभाळाकडे तोंड करून,
मग पडदा रिकामा.
दुसऱ्याचा कोट घालून आला होता कुणीतरी,
ती म्हणाली, आणि चहा ठेवायला उठली.

मग मी जुनं यंत्र मागितलं.
ते लाकडांच्या खोलीत होतं, बटाट्यांच्या पोत्यामागे.
सुरू होताना हेअर ड्रायरसारखं ओरडलं.
त्यातून तीन फाइली उचलल्या,
नव्यात प्रोग्रामच्या शेजारीच वेगळी जागा केली,
आणि एक ओळ लिहिली:
तू आधी इथे बघ. बाकीच्यांनी इकडे यायचं नाही.

सांगायला हवं म्हणून सांगितलं,
या तिघींना आता कुणी डागडुजी करत नाही,
भोकं आहेत तशीच राहणार,
परक्या फाइली यात उघडू नकोस.
भोकं? लेइदा हसली,
शालीत दुसरं असतं काय?

लिली सुलट आली.
एक्केचाळिसाव्या ओळीत एक टाका जास्त.
तिनं पडद्यावर बोट ठेवून दोनदा मोजला.
मी म्हटलं, दुरुस्त करू?
ती काही बोलली नाही, बोट तिथेच.

जागेला नाव द्यावं लागतं, मी म्हटलं.
हिल्लार लिहू?

नको, ती म्हणाली बऱ्याच वेळानं,
तो असा कोपऱ्यात बसणारा नव्हता.
सहा लिही.

सहा लिहिलं.
निघताना तिनं अर्धा पाव बांधून दिला,
आणि एका बरणीत, झाकण सैल ठेवून,
थोडं आंबवण.