भाता

ऑर्गन वाजवायची एस्तेरबाई.
मी मागं, पडद्याआड,
भात्याच्या दांड्याला लोंबकळलेला.
वारा माझा, नाव तिचं.

पंचगंगा ओलांडून बैलगाडीतून आला म्हणतात,
नळ्या गवतात गुंडाळून.
भाता फाटला त्या साली
सटुप्पानं सांधला.
चपलेचंच कातडं, चपलेचाच टाका.
तेव्हापासून उपासनेला नव्या कोल्हापुरीचा वास
आणि दांडा दाबला की करकर,
कुणी उंबऱ्याशी आल्यागत.

पुढं एका नळीत कुंभारमाशीनं घर केलं.
तो सूर गेला.
गीतात ती जागा आली की
मंडळी थांबायची,
श्वास घ्यायची, पुढं जायची.
लेकरंही तसंच शिकली.
एस्तेरबाईच्या मातीलासुद्धा
आम्ही तिथं थांबूनच गायलो.

परवा मिरजेचा कारागीर आला.
चिमूटभर वाळकी माती
माझ्या तळहातावर ठेवून म्हणाला,
एवढंच होतं.

रविवारी, बाहेर गुऱ्हाळं पेटलेली,
आत तो सूर लागला. लख्ख.
आणि सगळी मंडळी गप्प,
सवयीनं, श्वास घेत.
भर चर्चमध्ये तो एकटाच उभा.

बाईची नात शिफ्रा
बोटं न उचलता मागं वळली,
पडद्याकडं बघितलं,
जणू मीच चुकलो.