उचंत खाते

दुधाची पिशवी उलटी करून
मी तिचं पोट धुतो.
मे महिना. नळ पाऊण तास,
त्यातल्या दोन बादल्या कूलरच पिऊन टाकतो,
आणि हा माणूस प्लास्टिकला आंघोळ घालतो,
असं वच्छला भिंतीला सांगते.

नावे : पाणी, एक पेला.

एकतीस वर्षं वीज मंडळाच्या लेखा शाखेत
दुसऱ्यांचा पैसा जुळवला.
बारा आण्यांच्या फरकासाठी
रात्री दहापर्यंत पंख्याखाली बसलो.
आता घरातला कचरा जुळवतो.

जमा : पत्र्याचा डबा. वितळून पुन्हा डबाच होतो,
तेवढी खाण तेवढी शाबूत.
कागद पाच-सहा जन्म घेतो,
दर जन्मी धागा थोडा आखूड.
काच कितीदाही जन्मायला तयार,
पण जड. भट्टी लांब.
डिझेल कुठल्या बाजूला लिहू?
आणि भट्टीची वीज?
गच्चीवरून कोराडीच्या चिमण्या दिसतात,
जुन्या साहेबांसारख्या,
मान न हलवता धूर सोडणाऱ्या.

संत्र्याची सालं मात्र मी बाहेर जाऊ देत नाही.
गच्चीवर ड्रम आहे, भोकं पाडलेला.
दोन महिन्यांनी काळी माती निघते,
मुठीत घेतली तर अजून आंबटगोड.
ही नोंद स्वच्छ, असं वाटलं होतं.
मग बारापात्रे चिलटांची तक्रार घेऊन आले.

एका बुधवारी स्कूटर काढली
आणि माझ्याच पिशवीचा पाठलाग केला.
ओला वेगळा, सुका वेगळा, दोन रंगांच्या दोन बादल्या,
आणि हुडकेश्वरच्या वळणावर
गाडीच्या पोटात दोन्ही एकच झाले.
मी स्कूटर बंद केली.
पाच वर्षांचे पेले
डोळ्यांसमोरून वाहून गेले.

तेवढ्यात मागच्या फळीवर उभी असलेली बाई वाकली.
गाडी चालतीच होती.
तिनं त्या लगद्यातून माझी पिशवी उपसली,
झटकली, वेगळ्या पोत्यात टाकली.
तान्हाबाई तिचं नाव.
पुढच्या थांब्यावर विचारलं, हीच का?

"तुमची वास नाई मारत, भाऊजी.
बाकीच्याइच्यात हात घालाले जीव जाते.
अन् धुतलेलीले किलोमागं दोन रुपये जास्त भेटते."

पुढं कुठं जाते?
तिनं हनुवटीनं पूर्वेकडं दाखवलं.
तिकडं एक शेड आहे म्हणे,
पिशव्या धुतात, वितळवतात, दाणे पाडतात.
पाणी निळं होऊन नाल्यात उतरतं.
दाण्यांच्या बादल्या होतात,
बाजारात ऐंशीला एक.
वच्छलानं मागच्याच महिन्यात आणली,
कचऱ्यासाठी.

रात्री वही उघडली.
न उपसलेलं तेल, न पेटलेला ढीग,
भांडेवाडीवर न चढलेली एक पिशवी : हे जमा.
डिझेल, निळं पाणी, शेडमधला धूर : हे नावे.
आणि तान्हाबाईच्या हाताचा वास?
त्याला रकाना नव्हता.

गोळाबेरीज जमेकडंच झुकते,
थोडी. पत्रा धरला तर बरीच.
पण जुळत नाही.
ऑफिसात अशा वेळी फरक
उचंत खात्यात टाकून घरी जायचो.
तसाच टाकला. पेन्सिलनं.

सकाळी गंज घेऊन निघालो,
पारडीच्या डोमाजीकडं सुटं दूध मिळतं,
पिशवीच नको म्हणजे हिशेबच नको.
येऊन-जाऊन अकरा किलोमीटर.
पेट्रोल, असं लिहिलं आणि हसू आलं.
पायी जा की, वच्छला म्हणाली,
सत्तेचाळीस डिग्रीत.

म्हणून पुन्हा पिशवी. पुन्हा पेला.
हल्ली ती मोरीत पाणी जाऊ देत नाही.
खाली पातेलं धरते,
ते पांढुरकं पाणी कढीपत्त्याला घालते,
न विचारता, न सांगता.

कढीपत्ता खांद्यापर्यंत आलाय.
ही नोंद मी केलेली नाही.
तिचं खातं वेगळं.