मोठी आगपेटी

आगपेटी पाहिजे, म्हटलं, तर गेंदलालनं
खिशातून काडेपेटी काढून पुढे केली.
मोठी, म्हटलं.
केवढी?
मी दोन्ही हात फाकवले.
आत लाकूड मावलं पाहिजे, रात्रभर धुपलं पाहिजे,
धूर बाजूच्या ड्रममध्ये गेला पाहिजे,
तिथं मटण टांगलेलं.
तो हसला नाही. कबाडी कशालाच हसत नाही.
त्यानं फक्त काट्यावरची धूळ झटकली.

शाळेची व्हॅन दीड महिना दारात उभी,
पोरं मामाच्या गावाला, मी रिकामा.
काटोलला भाच्याच्या साक्षगंधाला गेलो
तर बागेत वाळकी संत्र्याची झाडं पेटवून राह्यले होते.
त्या धुराला एक गोडसर कडूपणा होता,
सालीला असतो तसा.
तो नुसताच वर चालला होता, फुकट,
आणि मला ते पाहवलं नाही.
एवढंच कारण. कुंदाला अजून पटलेलं नाही.

कामठी रोडला मे महिन्यातलं लोखंड
दुपारी हातात धरवत नाही.
पत्र्यावरच ठेव ना बापा तुझं मटण, असं म्हणणारे
चार जण भेटले, चौघंही सावलीतले.

कूलरच्या बॉड्यांचे ढीग होते, या गावात कशाला तोटा.
चाळीस रुपये किलो. एक उचललीही,
व्हॅनच्या टपावर बांधली, गोळीबार चौकापर्यंत वाजत आणली.
इस्राईल मिस्त्रीनं नखानं खरवडून पाह्यली.
"भाऊ, ये जस्ता है. तपेगा तो उडेगा.
मटन बाद में, बुखार पहले खाओगे."
परत नेली. गेंदलालनं पस्तीसनं घेतली.
किलोमागे पाच रुपये अकलेचे.

मग गिझरची टाकी पाह्यली, पातळ.
एका बंद पडलेल्या पतसंस्थेची तिजोरी,
जाड, सुंदर, पण दोघांच्यानं हलेना
आणि किल्ली संचालकाकडे, संचालक कुठं ते कोणाला माहीत नाही.
गॅसचा जुना सिलिंडरही कोणी हळूच दाखवला,
मी हळूच निघालो.

पाईप सापडला तो घरातच म्हणायचा.
बेसा रोडला साळ्याचा प्लॉट,
तीनशे दहा फूट बोअर, फुफाटा निघाला नुसता.
केसिंग उपसून कंपाउंडला टेकवलेला,
त्याच्यावर साळसूद कारल्याचा वेल.
"ने," साळा म्हणाला, "माझ्या डोळ्यासमोरून ने."
ज्या पाईपानं त्याचे लाख रुपये गिळले
त्याचा भाव मी विचारला नाही,
तोही बोलला नाही. वेल मात्र त्यानं
स्वतः सोडवला, एकेक तार, पाच मिनिटं लागली.

मिस्त्रीनं दोन तुकडे उभे चिरले,
तापवून, ठोकून उघडले, एकमेकांना जोडले,
दोन सडपातळांचा एक पोटाळू झाला.
हिंगण्याच्या बंद फाउंड्रीतल्या भट्टीच्या विटा
वॉचमननं दहा रुपयांना एक दिल्या, मोजताना एक जास्त.
दाराला मुठ्ठी व्हॅनच्या मागच्या दाराची,
जी तशीही निघालेलीच होती.
एकूण तेराशे चाळीस.
कुंदाला सातशे सांगितले.

पहिल्या आगीला वेल्डिंगच्या सांध्यातून
बारा ठिकाणी धूर निघाला.
मी कपाळाला हात लावून बसलो.
ती आतून परात घेऊन आली, काही न बोलता
कणकेच्या लाट्यांनी एकेक भोक बुजवत गेली,
शेवटची लाटी थापताना म्हणाली,
"सातशेत एवढ्याच फटी येतात."

मटण? बाहेरून काळं, आतून जरा कच्चं.
शेजारच्या हेडाऊंनी दोनदा मागून नेलं,
तिखट पाहिजे होतं म्हणाले.

जूनअखेर शाळा उघडली.
पहिल्या सीटवर उकेंची रिद्धिमा बसली,
नाक वर करून वास घेतला.
"काका, तुमचं काहीतरी जळून राह्यलं."
हो, म्हटलं, हळूहळू,
आणि गियर टाकला.